वायद्याची जागा

महसूल खात्याच्या दप्तरखान्यात ज्यांचे नोकरीचे सारे आयुष्य गेले असे मंठ्याचे एक निवृत्त अव्वल कारकून, आणि पुण्यास राहून संगणकाच्या साठवणयंत्रांची व्यवस्था शिकत असलेला त्यांचा भाचा, या उभयतांमध्ये गेल्या उन्हाळ्यात जो वाद चालला होता त्याचा मी बहुतांशी मूक श्रोता होतो. लोखंडी कपाटात ओळीने बसवलेल्या डझनभर डिस्कांवरील जागा कोणास किती नेमून द्यावी हा प्रश्न, शेगावहून पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंडी मार्गावरील या तालुक्याच्या गावी, वैशाखातल्या भर दुपारी, पंख्याखाली बसलेल्या दोन शहाण्या माणसांना इतका जिव्हाळ्याचा वाटावा याचे प्रथम मला नवल वाटले. पुढे ध्यानात आले की दोघांचा धंदा मुळात एकच आहे: ज्याच्या त्याच्या नावे जागा लावणे, लावल्याची नोंद ठेवणे, आणि ती नोंद व प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर पडू न देणे. मतभेद होता तो यातील तिसऱ्या कलमाविषयी. त्यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. घरात एकास सारेच मामा म्हणतात, आणि दुसऱ्यास या लेखापुरते भाचा म्हटले म्हणजे पुरे.

वादास निमित्त झाले ते भाच्याला सरावासाठी मिळालेले एक उदाहरण. उदाहरण काल्पनिक, पण त्याची मांडणी एखाद्या जिल्हा कचेरीसारखी होती. बारा डिस्क, प्रत्येकी 4 टेराबाइटची. आणि जागा मागणाऱ्या चार शाखा. सातबाऱ्याच्या डेटाबेसची मागणी 4 टेराबाइटची, जुन्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रतिमांची 20 ची, कर्मचाऱ्यांच्या फाइलींची 10 ची, आणि एकाच यंत्रावर चालणाऱ्या आभासी सर्व्हरांची 12 ची. आजचा प्रत्यक्ष वापर मात्र अनुक्रमे 1, 9, 3 आणि 4 एवढाच. या चौघांना जागा नेमून द्या, असा प्रश्न होता.

मामांनी चष्मा सावरून कागद वाचला आणि ते म्हणाले, "बारा चोक अठ्ठेचाळीस. मागणी सेहेचाळीस. दोन शिल्लक राहतात. यात शिकण्यासारखे काय आहे, बाबा?"

"मामा, अठ्ठेचाळीस हा आकडा फक्त पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा," भाचा म्हणाला. "एक डिस्क मोकळी ठेवायची, म्हणजे दुसरी एखादी बिघडली की यंत्र आपण होऊन तिला त्या जागी घेते. राहिल्या अकरा. त्यांचा रेड-6 प्रकारचा गट बांधला, तर दोन डिस्कांइतकी जागा पडताळ्याच्या आकड्यांत जाते. पण त्या बदल्यात कोणत्याही दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी एक अक्षरही गहाळ होत नाही. उरले नऊ चोक छत्तीस. त्यातही कारखानदार टेराबाइट मोजतो तो दहाच्या पटीत, एकावर बारा शून्ये. आणि यंत्र मोजते दोनाच्या पटीत, तो टेराबाइट जवळजवळ एक दशांशाने मोठा. यंत्राच्या हिशेबाने हाती येतात पावणेतेहतीस. उदाहरणातली मागणी मात्र यंत्राच्या मापातली आहे."

"म्हणजे विकणाऱ्याची साखळी आखूड आणि घेणाऱ्याची लांब," मामा म्हणाले. आणि ही लबाडी त्यांना परिचयाची असल्यामुळे त्यांनी तिच्यावर अधिक वेळ दवडला नाही. दोन डिस्क पडताळ्यासाठी आणि एक राखीव, ही तजवीज मात्र त्यांना मनापासून पसंत पडली.

येथे माझे दोन शब्द. डिस्कवर अक्षरे साठवण्याचा पहिला व्यापारी प्रयोग आयबीएम कंपनीने सप्टेंबर 1956 मध्ये जाहीर केला. रॅमॅक नावाच्या त्या यंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि या भागातील उर्दू व मोडी कागद एका सरकारच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात गेले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नव्हता. आज ते कागद आणि त्या तबकडीची पणतवंडे एकाच कपाटात येऊन राहिली आहेत, एवढेच. पुढे 1988 साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी असे दाखवून दिले की एक अवाढव्य, महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यांतील एखादी मरणारच हे गृहीत धरून पडताळा ठेवावा. भाच्याचा रेड-6 हा त्याच विचाराचा वंशज. मरण गृहीत धरून केलेली योजना जुन्या कारकुनाला आवडावी यात आश्चर्य नाही.

खरा वाद पुढेच पेटला. पावणेतेहतीसात सेहेचाळीस कसे बसवायचे?

मामांचे उत्तर तयार होते. "बसत नाहीत, सबब बसवायचे नाहीत. चौघांच्या मागण्या तपासाव्यात, फुगवलेल्या आकड्यांना कात्री लावावी, आणि जेवढे हाती आहे तेवढेच, ज्याच्या त्याच्या नावे, हद्दी कायम करून द्यावे. ज्याला जे दिले ते त्याचे. तो वापरो वा पडीक ठेवो."

"याला आमच्याकडे थिक म्हणतात," भाचा म्हणाला. "डेटाबेसने 4 मागितले की त्याच घटकेला 4 च्या 4 पूलमधून, म्हणजे डिस्कांच्या सामाईक साठ्यातून, कापून त्याच्या नावे बांधायचे. पण मामा, डेटाबेस आज वापरतो आहे एक. उरलेले तीन टेराबाइट फिरत राहतील, वीज खातील, तापतील, आणि त्यांवर एक अक्षरही नसेल. शेजारी स्कॅनच्या प्रतिमांना जागा अपुरी पडेल, तरी त्या तीन टेराबाइटांना हात लावता येणार नाही. थिन पद्धतीत मी चौघांनाही त्यांनी मागितले तेवढे दाखवतो. प्रत्येक सर्व्हरला वाटते की आपल्यापाशी पुरी जागा आहे. पण प्रत्यक्ष तबकडीवरचा तुकडा त्याच्या पदरी पडतो तो त्याने तेथे काही लिहिले तेव्हाच. आज वापर 17 आहे, म्हणजे पूल निम्म्याहून थोडा अधिक भरलेला. चौघेही संतुष्ट."

"चौघेही फसलेले," मामा म्हणाले.

भाचा चिडला नाही. तो हसला, आणि मला वाटते तेथेच त्याने आपल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा पुढे केला. "मामा, तुमच्या खात्यात प्रशासकीय मान्यता मिळालेल्या कामांची बेरीज आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातली तरतूद, या दोन रकमा कधी सारख्या होत्या का? मान्यता शंभर कामांना, तरतूद साठांपुरती. कारण सर्वांनाच ठाऊक असते की शंभरातली निम्मी कामे त्या वर्षी सुरूही होत नाहीत. तुम्ही आयुष्यभर थिन पद्धतीनेच राज्य चालवलेत आणि मला मात्र ती लबाडी म्हणून सांगता."

मामा क्षणभर स्तब्ध राहिले. नंतर त्यांनी जे सांगितले ते या साऱ्या संभाषणाचा कणा होते असे माझे मत आहे. ते म्हणाले, "मान्यता मिळालेल्या कामाला पैसा नसला तर ते काम सुरू होत नाही, चालू असलेले दुसरे काम त्यामुळे मोडत नाही. तुझ्या पूलमध्ये काय होते ते सांग. भरला म्हणजे?"

"भरला म्हणजे लिहिणे थांबते."

"कोणाचे? ज्याने अधिक वापरले त्याचे?"

"सर्वांचे," भाचा किंचित थांबून म्हणाला. "ज्याला म्हणून नवा तुकडा हवा असेल त्या प्रत्येकाचे. काही यंत्रे त्याला नेमून दिलेला भाग, म्हणजे व्हॉल्यूम, बंद करून टाकतात, काही तो फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवतात. डेटाबेसला चार दिलेत आणि त्याने एकच वापरले असले, तरी पुढचा फेरफार लिहायला त्याला जागा मिळणार नाही."

"तेच मी म्हणतो. स्कॅनवाल्यांनी पसारा मांडला, आणि ज्या डेटाबेसने काटकसर केली, ज्याच्या हातात चार टेराबाइटचा कागद आहे, त्याला दारातून परत पाठवले. ज्याने जपून खर्च केला त्यालाच उपाशी ठेवणारी पद्धत मला न्याय्य वाटत नाही, मग ती कितीही सोयीची असो."

भाच्याने थ्रीपार या अमेरिकन कंपनीचे उदाहरण काढले. ही पद्धत नावारूपास आणणाऱ्या कंपन्यांपैकी ती एक. 2010 साली तिच्यासाठी डेल आणि एचपी यांच्यात अशी चढाओढ लागली की शेवटी एचपीने सुमारे 2.35 अब्ज डॉलर मोजून ती घेतली. कल्पनाच खोटी असती तर एवढी किंमत कोणी दिली असती का, असे त्याचे म्हणणे. मामांनी एवढेच विचारले की लिलावात बोली चढली म्हणजे जमीन सुपीक ठरते काय. हा मुद्दा तेथेच संपला, आणि तो तेथे संपणेच योग्य होते.

थिनच्या बाजूने बोलण्यासारखे त्याहून सरस काहीतरी आहे असे मला वाटत होते, आणि भाच्याने ते थोड्या वेळाने आपण होऊन मांडले. एकदा बांधून दिलेली जागा परत घेणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट असते. व्हॉल्यूम वाढवणे सोपे: पूलमधून तुकडा जोडला, सर्व्हरला पुन्हा पाहण्यास सांगितले, फाइलव्यवस्था ताणली, झाले, चालू कामही थांबवावे लागत नाही. लहान करणे मात्र जोखमीचे. लिनक्सवरील एक्सएफएससारखी व्यवस्था व्यवहारात लहान होतच नाही. सारा मजकूर दुसरीकडे हलवावा, जुने मोडावे, लहान नवे बांधावे आणि मजकूर परत आणावा, एवढाच मार्ग उरतो. म्हणून ज्याला थिक पद्धतीने अधिक दिले त्याच्याकडून ते कधी सुटत नाही. आणि हे सर्वांस ठाऊक असल्यामुळेच प्रत्येक जण पहिल्याच मागणीत दुप्पट आकडा लिहितो.

"हे मात्र खरे," मामांनी कबूल केले. "एकदा ताबा दिला की निष्कासनाचा हुकूम काढूनही तो सुटत नाही."

"आणि पुसण्याची गोष्ट याहून विचित्र आहे. सर्व्हरवर कोणी फाइल पुसली, तर सर्व्हर आपल्या यादीतून तिचे नाव काढतो. साठवणयंत्राला त्याचा पत्ताही नसतो. त्याच्या लेखी तो तुकडा अजून त्याच सर्व्हरचा. अनमॅप नावाची आज्ञा मुद्दाम पाठवावी लागते, तेव्हा कुठे तो तुकडा पूलमध्ये परत येतो."

हे ऐकून मामांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले ते पाहण्यासारखे होते. रजिस्टरात लाल शाईने रेघ मारली म्हणून फडताळावरचा गठ्ठा हलत नाही, हे त्यांनी आपल्या हाताखालच्या कित्येक उमेदवार कारकुनांना पढवले असले पाहिजे. महसुली अभिलेखांचे वर्ग ते बोटांवर मोजून दाखवू लागले: अ वर्ग कायमचा, तो लाल रुमालात; ब वर्ग 30 वर्षांचा, हिरव्यात; क वर्ग 10 वर्षांचा, पिवळ्यात; आणि ड वर्ग वर्षभराचा, पांढऱ्यात. रंग पाहूनच कळावे की कोणता गठ्ठा कधी जाणार. "तुझ्या यंत्रात रुमाल आहेत का?" त्यांनी विचारले.

रुमाल होते, म्हणजे निराळ्या स्वरूपात होते. नित्य लागणारा मजकूर वेगवान एसएसडीवर, क्वचित लागणारा फिरत्या, स्वस्त डिस्कवर, आणि वर्षानुवर्षे कोणी न मागणारा टेपवर, असे थर लावता येतात. मात्र येथे मामांनी एक बारीक फरक बरोबर हेरला, जो भाच्याच्या पुस्तकात बहुधा नसावा. रुमालाचा रंग कागदाचे महत्त्व आणि आयुष्य सांगतो. यंत्राचा थर सांगतो तो केवळ कागद किती वेळा मागितला जातो हे. 1954-55 सालचे खासरा पत्रक पन्नास वर्षांत कोणी मागितले नसेल, पण म्हणून ते पांढऱ्या रुमालात बांधता येत नाही. यंत्राच्या हिशेबाने ते सर्वांत खालच्या थरावर जाईल, आणि ते ठीकच आहे. परंतु 'खालच्या थरावर आहे, तेव्हा पुसले तरी चालेल' असा अर्थ कोणी काढला तर अनर्थ होईल.

आता जरा हाताच्या कामाकडे वळू. कारण जागा नेमून देणे म्हणजे काही नुसता आकड्यांचा वाद नाही. पूलमधून नेमून दिलेल्या प्रत्येक व्हॉल्यूमला एक क्रमांक मिळतो, त्याला हे लोक लन म्हणतात. आणि तो लन कोणत्या सर्व्हरला दिसावा, हे त्या सर्व्हरच्या कार्डावरील सोळा अंकी ओळखक्रमांकावरून ठरवावे लागते. हे अंक शून्य ते नऊ आणि त्यापुढे इंग्रजी ए पासून एफ पर्यंतच्या सहा अक्षरांत लिहितात. भाच्याने सरावाच्या वहीत असे चार क्रमांक पेन्सिलीने उतरवून घेतले होते. मामांनी मूळ कागद आपल्या हाती घेतला, वही त्याच्या हाती दिली, आणि एकाने वाचावे, दुसऱ्याने बोट ठेवून ताडावे, अशी जुन्या दप्तरातली प्रतिवाचनाची पद्धत सुरू केली. "एक शून्य, शून्य शून्य, शून्य शून्य, नऊ शून्य, एफ ए..." असे जोडीजोडीने वाचत ते तिसऱ्या क्रमांकाच्या अखेरच्या जोडीपाशी आले आणि थांबले. कागदावर बी होता; वहीत आठ. पेन्सिलीने घाईत काढलेल्या त्या दोन आकृतींत एका उभ्या रेघेचे काय ते अंतर.

"असा आठ राहिला असता तर काय झाले असते?" मी प्रथमच तोंड उघडले.

"त्या क्रमांकाचे कार्ड कोठेच नसेल, तर सर्व्हरला काही दिसणार नाही, मी तासभर तार तपासत बसेन, एवढेच," भाचा म्हणाला. "पण योगायोगाने तो दुसऱ्याच सर्व्हरचा निघाला, तर एक लन दोघांना दिसेल. दोघेही आपापल्या परीने त्याला आपलाच समजून लिहितील, एकाची यादी दुसऱ्याला माहीत नाही, आणि काही वेळातच दोघांचाही मजकूर मातीमोल होईल. मुद्दाम एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांची गोष्ट वेगळी. ते आपसांत कुलूप ठेवतात."

"एकच गट दोघांच्या सातबाऱ्यावर," मामा म्हणाले, आणि त्यांनी पुढे सांगितले की 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण होऊन परतूरचा मुलूख परभणी जिल्ह्यातून त्यात आला तेव्हा ते नुकतेच नोकरीस लागले होते, आणि वरिष्ठांनी त्यांना पहिली शिकवण दिली ती हीच, की गठ्ठा फडताळावर कितव्या जागी आहे यावर विसंबू नये, त्याच्यावरचा क्रमांक वाचावा. भाच्याने टाळी दिली. सर्व्हरमध्येही डिस्कांना मिळणारी एसडीबी, एसडीसी ही नावे यंत्र पुन्हा सुरू होताच बदलू शकतात. जो केवळ नावाच्या क्रमावर विसंबून नवी फाइलव्यवस्था घालतो तो भरल्या लनवर नांगर फिरवतो.

वेगाचा प्रश्न भाच्याने ओझरता काढला, पण तो महत्त्वाचा आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कचे वाचणारे डोके योग्य जागी पोहोचून हवे ते अक्षर खाली येईपर्यंत थांबते, त्यात ती डिस्क एका सेकंदाला जेमतेम ऐंशीच्या आसपास विखुरलेली कामे करते. अकरा डिस्कांची मिळून पावणेनऊशे. पण रेड-6 मध्ये एक लहानसे लिहिणे म्हणजे तीन वाचने आणि तीन लेखने, तेव्हा निव्वळ लिहिण्याची कामे सेकंदाला दीडशेच्या आतच. यंत्रातील स्मृती हा भार बराचसा झेलते हे खरे. तथापि चार शाखांना जागा वाटून दिली म्हणजे वेगही वाटून दिला असे होत नाही, आणि एका शाखेने रात्री मोठे काम काढले तर दुसरीचा सातबारा सकाळी उमटेनासा होतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात 1 मे 2018 पासून मिळू लागला. तेव्हापासून तो मिनिटात न उमटणे हे शेतकऱ्यास आता सहन होत नाही, आणि का व्हावे?

आणखी एक गोष्ट मामांनी खडसावून विचारली: दोन डिस्क मेल्या तरी चालते, पण खोली पेटली तर? 21 जून 2012 रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत किती फायली भस्म झाल्या हे त्या काळच्या कोणाही कारकुनाच्या स्मरणात आहे. भाच्याने निमूटपणे मान्य केले की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी असली पाहिजे, आणि तिची जागा या हिशेबात धरलेलीच नाही.

शेवटी दोघे पुन्हा मूळ उदाहरणावर आले. मामांचा आग्रह होता की निदान डेटाबेस आणि प्रतिमा या दोघांना पुरी जागा बांधून द्यावी. भाच्याने वहीत मांडून दाखवले: 4 आणि 20 मिळून 24 बांधले तर उरतात पावणेनऊ, आणि फाइली व आभासी सर्व्हर आजच 7 खात आहेत, त्यांचा गळा दोन महिन्यांत आवळला जाईल. निराळे दोन पूल करावेत तर प्रत्येकात पडताळ्याच्या दोन डिस्क पुन्हा जातात. अखेर तडजोड झाली ती अशी, की डेटाबेसला त्याचे 4 पुरते बांधून द्यावेत, कारण तो थांबला तर कचेरीच थांबते. उरलेल्या तिघांना थिन पद्धतीने मागितले तेवढे दाखवावे. म्हणजे आज पूलमधून गेलेले 4, 9, 3 आणि 4, एकूण 20, मोकळे पावणेतेरा.

"आणि पूल 80 टक्के भरला की मला इशारा येईल," भाच्याने पुढची ओळ लिहिली.

"ऐंशीच का?"

"पुस्तकात ऐंशी आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याला नवी डिस्क किती दिवसांत मिळते?" मामांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच मोजू लागले: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, दरांची छाननी, पुरवठा, जोडणी. "आठ महिने धर."

"आता सरकारच्या जेम पोर्टलवर खरेदी पुष्कळ लवकर होते, मामा."

"पोर्टल वस्तू देते. मंजुरी देत नाही. आठ धर. महिन्याला वाढ किती?"

उदाहरणात वाढ दिली होती, महिन्याला 1 टेराबाइट. आठ महिन्यांना आठ लागणार. पावणेतेहतीसातून आठ वजा केले की पावणेपंचवीस, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या किंचित वर. ऐंशी टक्क्यांवर इशारा आला तर हाती राहतात साडेसहाच महिने. दीड महिना आधी सारी कचेरी लिहायची थांबलेली असेल. भाच्याने ऐंशी खोडून पंचाहत्तर केले. थिन पद्धतीचा मी विरोधक नाही. पण तिचा प्रामाणिकपणा त्या यंत्रात नसून या दीड महिन्याच्या वजाबाकीत आहे असे मला त्या क्षणी वाटले.

मामांचे समाधान झाले नव्हते. "वाढ महिन्याला एक, ही सरळ रेघ तुला कोणी काढून दिली? दप्तर असे वाढत नाही. दहा वर्षे काही वाढत नाही, आणि एके दिवशी हुकूम येतो." त्यांना 2023 साल आठवत होते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातील तहसिलींच्या फडताळांवरचे, वर्षानुवर्षे कोणी न सोडलेले मोडी आणि उर्दू गठ्ठे एकाएकी सोडावे लागले. फसली सनात 590 मिळवून इसवी सन काढता येणारी आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. आणि सापडलेल्या कागदांच्या प्रतिमा घेणे सुरू झाले. जे सर्वांत खालच्या थरावर पडून होते त्यालाच सर्वांआधी मागणी आली. "त्या महिन्यांत तुझी रेघ कोठे असती?"

भाच्याने वाढ दुप्पट धरून पाहिली. आठ महिन्यांना सोळा. पावणेतेहतीसातून सोळा गेले की पावणेसतरा. इशारा पावणेसतरावर यायला हवा. आणि पूलमध्ये आजच 20 गेलेले आहेत.

"म्हणजे इशारा येऊन गेला," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे चौघांना जागा देण्यापूर्वी मागणीपत्र लिहायला हवे," मामा म्हणाले, आणि त्यांनी वहीचे कोरे पान आपल्याकडे ओढून घेतले. विषय, संदर्भ, महोदय, असे त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलेही.

"मामा, हे सरावाचे उदाहरण आहे. यात खरेदी नाहीच. यात कचेरीच नाही!"

"सदर यंत्रात उपलब्ध असलेली जागा," मामा सांगत गेले, "लिही तू, माझा हात आता चालत नाही. सदर यंत्रात उपलब्ध असलेली जागा 32.75 टेराबाइट, पैकी आजअखेर व्याप्त 20, चारही शाखांस मंजूर 46. सबब आणखी किमान बारा डिस्क..."

"बारा का? आठ पुरतील."

"बारा मागितल्या तर आठ मिळतात."

"म्हणजे तुम्हीही आकडा फुगवता," भाचा म्हणाला, आणि त्याने आठच लिहिले. यावर नवा वाद सुरू झाला.